पहिल्या रांगेची हाक

१

दोष थिएनलाय मामाचा. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण आमच्या गावात दोषसुद्धा प्रसादासारखा वाटतात. थोडा थोडा सगळ्यांच्या हातावर, म्हणजे कुणाचंच पोट दुखत नाही. देवळाच्या समितीने थोडा दोष उन्हाला दिला, थोडा जनरेटरला, थोडा 'आजकालच्या यंत्रांना', आणि उरलेला मला. "कॉलेज सोडून आलेली पोरगी. तिच्या हाती यंत्र दिलं की असंच व्हायचं."

कॉलेज मी सोडलं हे खरं. तिथले सर स्वतःला न येणारं दुसऱ्याला शिकवत होते, आणि मी ते भर वर्गात म्हटलं. त्यानंतर तिथे राहण्यात मजा उरली नाही. पण यंत्राचं मी जे केलं ते बरोबर केलं होतं. चूक मामाने केली. सकाळी जेवणाच्या टेबलावर बसून, तोंडात विडा धरून, मामीच्या डोळ्यांदेखत.

मामाचा धंदा देवाला सिनेमा दाखवण्याचा. त्याच्या वडिलांकडे सायकलवरून न्यायचा प्रोजेक्टर होता. मामाकडे निळा छोटा ट्रक आहे आणि ट्रकच्या पाठीवर एलईडीची भिंत. भर उन्हात चित्र लख्ख दिसतं, म्हणून मामा दुपारीच खेळ लावतो. पडद्याचं तोंड देवळाच्या दाराकडे. पडद्यासमोर पहिल्या रांगेत पाच लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, त्या रिकाम्या. त्यांच्या मागे माणसं: बर्फाचा गोळा चाटणाऱ्या बायका, कालवं सोलून सोलून बोटं कापलेले म्हातारे, पोरं, कुत्री. पहिल्या रांगेत कुणी बसत नाही. गावातलं सगळ्यात उनाड पोरगंसुद्धा तिथे पाय ठेवत नाही. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तोंडाने श्वास घ्यावा की नाकाने, हे कुणी विचारत बसतं का?

२

देवाच्या वाढदिवसाचे तीन दिवस, तीन दुपारी. पहिल्या दुपारी मामाने त्याच्याकडचा सगळ्यात जुना विनोदी सिनेमा लावला. एक लठ्ठ स्वयंपाकी, आणि त्याच्या सुरीखालून निसटलेलं एक बदक. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे तो बदकामागे धावतो. बस. हा सिनेमा गावाला पाठ आहे. तरी बदक लग्नाच्या मांडवात शिरतं तेव्हा लोक गुडघे बडवतात.

त्या दिवशी बदक मांडवात शिरलं, नवरीच्या डोक्यावरून उडालं, आणि हवेतच राहिलं.

आवाज चालू होता. नवरी किंचाळत होती, भांडी पडत होती, बदक मात्र पंख पसरून तिथेच. लोक थोडा वेळ वाट बघत बसले. मग कुणीतरी म्हणालं, "त्याला उतरवा रे, दमलं असेल." सगळे हसले. मामा हसला नाही.

समितीचे हुंग अध्यक्ष उठून ट्रकपाशी आले. हुंग अध्यक्ष म्हणजे बंदरावरच्या कालवांच्या शिंपल्यांचा ढीग: तेवढेच जुने, तेवढेच धारदार, आणि आतून तेवढेच रिकामे.

"थिएनलाय, देवाला अर्धं बदक दाखवतोस?"

"ऊन फार आहे हो, अध्यक्ष."

"उन्हाळा तुझ्या बापाच्या वेळीही होता. त्याचं काही अडकलं नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतका. "तिसऱ्या दिवशीही असं झालं तर देवालाच विचारू. पलीकडच्या गावात नाचणाऱ्या पोरींचा ट्रक आहे. देवाला तोही चालेल."

"देवाला की तुम्हाला?" मी विचारलं.

मामीने माझ्या पोटरीवर टाच मारली. पण मागच्या रांगेतल्या बायकांना ते आवडलं. एकीने मला अननसाची फोड दिली.

देवाला विचारायचं म्हणजे लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. एक उताणी, एक पालथी पडली की देवाचा होकार. त्यावर वाद नाही. आणि हे देऊळ हातचं गेलं तर मामाचा धंदा गेला, कारण बाकीची गावं या देवळाकडे बघून त्याला बोलावतात. मामाला दुसरं काही येत नाही. ट्रकसुद्धा तो बदकासारखाच चालवतो.

३

बिघाड शोधायला बसले ती घरामागच्या शेडमध्ये, कालवांच्या दोऱ्यांच्या ढिगाशेजारी. संगणक मामाने बंद पडलेल्या एका नेट कॅफेतून उचललेला. त्यावर लिनक्स ही प्रणाली, कारण लिनक्स फुकट.

कारण लगेच सापडलं. सांगते, सोपं आहे. ग्राफिक्स कार्ड एक चित्र काढतं आणि प्रोसेसरला हाक मारतं: झालं, पुढचं दे. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाका येतात त्या ठरलेल्या लाइनींवरून, आणि जुन्या बोर्डावर एका लाइनीवर दोन-तीन यंत्रं असतात. म्हणून हाक आली की लिनक्स त्या लाइनीवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे ते ते यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारतो, तुझ्या यंत्राची का? एकाने हो म्हटलं की संपलं. सगळेच नाही म्हणाले तर ती हाक बेवारशी. थोड्याफार बेवारशी हाका लिनक्स सोडून देतो. फार झाल्या की वैतागतो, एक ओळ लिहून ठेवतो आणि ती लाइनच कापून टाकतो. मग कार्ड बिचारं कितीही ओरडो. पडदा गोठतो.

ती ओळ तिथे होती. सोळा नंबरच्या लाइनीवर हाक आली, कुणीही दखल घेतली नाही.

यात घाबरण्यासारखं काहीच नाही. ही ओळ जगभर लोकांना दिसते आणि जगभर लोक शिव्या देतात. मी कार्ड काढून धूळ झाडली, दुसऱ्या खाचेत बसवलं, ड्रायव्हर एक पायरी जुना घातला. मग सिनेमा लावला आणि लाइनींच्या तक्त्याकडे बघत बसले. सोळावर कार्डाच्या हाका शिस्तीत येत होत्या, एकूण एक उत्तर मिळालेल्या. बेवारशी एकही नाही. शेडमध्ये बदक तीनदा मांडवात शिरलं आणि तीनदा सुखरूप बाहेर पडलं. मामीने दारातून डोकावून विचारलं, "झालं का गं बरं ते?"

"झालं."

"मग तोंड असं का?"

तोंड असं, कारण मी जे केलं होतं त्यातल्या कशाने बरं झालं ते मला कळलं नव्हतं. ज्याने बरं होतं ते माहीत नसेल तर ते बरं झालेलं नसतं. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

४

दुसऱ्या दुपारी मी पडद्यामागे, ट्रकच्या सावलीत बसले. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर तक्ता. बेवारशी हाका मोजायला मी वेगळा रकाना काढला होता. दोन एलईडी चौकटींच्या मधून केबलसाठी हातभर उंच, बोटभर रुंद फट सोडलेली असते. तिच्यातून समोर दिसत होतं: पाच रिकाम्या खुर्च्या, मागे गाव, त्यामागे देवळाचं दार आणि आत धुरात बसलेला काळा चेहरा.

नावं पडली तेव्हा रकाना शून्य. स्वयंपाकी सुरी घासतो तेव्हाही शून्य. मग त्याचा पाय माशावर पडतो आणि तो घसरत घसरत अख्खा बाजार पार करतो. तिथे रकान्यातला आकडा एकदम फुगला.

आणि मग लोक हसले.

क्रम लक्षात घ्या. आधी आकडा, मग लोक. मला वाटलं, आवाजाचा परिणाम असेल. मोठे कर्णे, जनरेटर तोच, हसण्यासोबत चित्रपटातलं संगीतही वाढतं, विजेला हिसका बसत असेल. कर्ण्यांची तार काढून दुसऱ्या बॅटरीवर टाकली. पुढच्या विनोदाला आकडा पुन्हा फुगला. मधे स्वयंपाक्याला त्याची आई आठवते, संथ गाणं आहे. त्या गाण्याचं संगीत सगळ्या सिनेमात मोठं. तिथे एकही बेवारशी हाक नाही. गाणं संपलं, बदकाने पातेल्यातून डोकं वर काढलं, आणि आकडा धावला.

घाईघाईने मी कार्डाला स्वतःची, कुणाशी वाटून न घेतलेली लाइन दिली. अशा लाइनीवर दुसऱ्या कुणाची हाक येऊच शकत नाही. रचनाच तशी आहे.

हाका तिथे आल्या.

बदक छपरावर चढलं आणि गोठलं. आवाजात स्वयंपाकी शिडीवरून कोसळत राहिला. लोकांनी या वेळी विनोद केला नाही. फटीतून मला हुंग अध्यक्ष दिसले. त्यांनी मामाकडे बघून एक बोट वर केलं. एक दिवस उरला.

५

खेळ मोडल्यावर मी कार्ड उपसलं, फडक्यावर ठेवलं आणि नुसता संगणक चालू केला. लॅपटॉप केबलने जोडला. आता सोळावर बोलणारं यंत्रच नव्हतं. तिथे शांतता हवी होती, आणि ती होती.

त्या वेळी देवाची पालखी गावप्रदक्षिणा करून येत होती. झांजा, फटाके, पालखी उचलणाऱ्या पोरांचं घामाघूम नाचणं. आमच्याकडे देवाला सरळ चालवत आणत नाहीत. तो झुलत, मागेपुढे होत, लाडात आल्यासारखा येतो. वाट करायला समितीच्या दोघांनी पहिल्या रांगेच्या खुर्च्या आधी नमस्कार करून मग उचलल्या. पालखी आत गेली. खुर्च्या पुन्हा जागी आल्या. माणसं मांडवात जेवायला गेली, तळलेल्या शेवयांचा आणि माशाच्या गोळ्यांच्या रश्शाचा वास आला, मलाही भूक लागली. उठता उठता मी लॅपटॉपकडे बघितलं.

सोळावर हाका येत होत्या.

घाई नव्हती त्यांना. एक, मग जरा थांबून दोन. सिनेमा सुरू व्हायच्या आधी लोक खुर्चीत चुळबुळ करतात, तशा.

मी पडद्याच्या पुढे गेले. मैदान रिकामं, पाच खुर्च्या, ऊन. खुर्च्यांना लोखंड नाही की वीज नाही. मनात म्हटलं, वान-रोंग, तू कॉलेज सोडलंयस, अक्कल नाही. आणि कडेच्या खुर्चीची पाठ धरून ती बाजूला करायला लागले.

खुर्ची हलली नाही.

मी कालवांच्या गोणी उचलते. ही दोन बोटांत यायला हवी होती. पाय डांबरात रुतले असतील, उन्हाने डांबर मऊ होतं. मी दोन्ही हात लावले आणि ओढलं. ती एकदम सुटली, इतकी सहज की मी मागे पडता पडता वाचले. जणू कुणी उठून जागा दिली.

खुर्ची पुन्हा जागेवर ठेवली तेव्हा मी चक्क म्हटलं, "माफ करा." कुणाला म्हटलं, ते मला विचारू नका. डांबरावर पायांचे खळगे नव्हते, एवढं मात्र मी बघितलं.

६

तिसऱ्या सकाळी पेज, खारवलेलं अंडं आणि शेंगदाणे. मी मामाला सगळं सांगितलं. खुर्च्यांचंही सांगितलं, पण भरभर, शेंगदाणे मोजल्यासारखं करत.

मामाने विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "म्हणजे हाक येते."

"येते."

"आणि कुणी ओ देत नाही म्हणून तुझा लिनक्स रागावतो."

"माझा नाही तो. पण हो."

"मग ओ दे ना! एवढं कॉलेज केलंस..."

"नाही केलं."

"अर्धं केलंस. अर्धी ओ दे."

आणि तो स्वतःच्या विनोदावर हसला. मामाचं हसणं म्हणजे थंडीत सुरू न होणारा ट्रक: घर्र, घर्र, आणि मग एकदम सगळं घर हादरतं. कितीही राग असला तरी त्या हसण्यापुढे माझं काही चालत नाही. मीही हसले. शेंगदाणा नाकात गेला.

वाईट हे की त्याचं म्हणणं चालण्यासारखं होतं. दहा-बारा ओळींचा एक खोटा ड्रायव्हर लिहायचा. यंत्र नाही, काही नाही, नुसता लाइनीवर बसून राहणारा. कुठलीही बेवारशी हाक आली की म्हणायचं, हो, माझी. लिनक्सला एवढंच हवं असतं. लाइन कापली जात नाही, कार्ड सुखी, बदक सुखी.

"हे बरं करणं नव्हे," मी म्हटलं. "हाक कोण मारतंय ते कळल्याशिवाय तिला हो म्हणायचं म्हणजे..."

"कळून काय करायचंय? समोरच्याला फक्त कुणीतरी हो म्हटलेलं हवं असतं. चाळीस वर्षं मी अध्यक्षांना हो म्हणतोय."

मामी चूल पुसत होती. वळली नाही. "अनोळखी हाकेला ओ देऊ नये," ती म्हणाली.

"अगं, यंत्राची हाक आहे ती."

"मग यंत्राला देऊ दे."

"यंत्रच देणार आहे!" मामाने मला डोळा मारला. "लिही तू, आ-रोंग."

मी लिहिलं. टेबलावरच, पेजेची वाटी बाजूला सारून. शेवटी नावाची जागा आली. लाइनीवर बसणाऱ्या प्रत्येकाला नाव द्यावं लागतं, तक्त्यात तेच दिसतं. मी 'रिकामा' असं काहीतरी टाकत होते.

मामा माझ्या खांद्यावरून वाकला. "ते काय?"

"कोण ओ देतंय त्याचं नाव."

"मग माझं घाल."

आता हे आमच्याच लोकांना सुचू शकतं. देवळाच्या खांबावर नाव, घंटेवर नाव, पायरीवर नाव, सिनेमाच्या शेवटी पडद्यावर सरकणाऱ्या पट्टीत नाव. खुर्च्यांच्या पाठींवरसुद्धा बाहेरच्या बाजूने दात्यांची नावं रंगवलेली. देवासमोर नाव दिसेल अशी एखादी बोटभर जागा रिकामी राहिली तर आमच्या वडीलधाऱ्यांना झोप लागत नाही.

"मामा, ते कुणी बघणार नाही."

"देव बघेल. ट्रक माझा, सेवा माझी. घाल. थिएनलाय."

"नको घालू गं," मामी म्हणाली.

"घाल."

मी घातलं. बोटं माझी, पण तोंडाने सांगणारा तो. म्हणून म्हणते, दोष त्याचा.

७

आणि ती दुपार! माझ्या आयुष्यात गावाला इतकं खूश मी बघितलं नाही.

कार्ड परत जुन्या, वाटून घेतलेल्या लाइनीवर बसलं, माझा दहा-बारा ओळींचा तुकडा चढला, तक्त्यात सोळा नंबरसमोर कार्डाच्या नावाशेजारी मामाचं नाव आलं. हुंग अध्यक्षांनी मामाला दुसऱ्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं, पहिल्या रांगेच्या बरोबर मागे. म्हणजे अडकलं तर मान धरायला सोपं. मी पडद्यामागे, फटीला डोळा लावून.

स्वयंपाकी माशावर घसरला. मामाच्या नावासमोरचा आकडा उडाला, आणि मामा हसला. घर्र, घर्र, आणि मग सुटलाच. शेजारी अध्यक्षांनी भुवई वर केली, मग ओठ दाबले, मग त्यांनाही राहवलं नाही. मागच्या बायका मामाकडे बघून हसायला लागल्या. त्यांना बघून पोरं, पोरांना बघून म्हातारे. बदक मांडवात शिरलं, नवरीच्या डोक्यावरून उडालं, आणि उडतच गेलं! टाळ्या पडल्या. अध्यक्षांची कवळी निसटली, त्यांनी ती हवेत झेलली, आणि त्यावर मैदान असं हसलं की कबुतरं देवळाच्या छपरावरून उठली. कुणी बर्फाचे गोळे वाटले. मामी तोंडाला पदर नाही म्हणून टोपी लावून हसत होती. मीसुद्धा पडद्यामागे एकटी मांडीवर थापा मारत होते. दोन रात्रींचा शीण उतरला. लाइन उघडी होती, आकडे धावत होते, पडदा वाहत होता.

मामा प्रत्येक विनोदाला पहिला हसत होता. लोकांच्या आधी, आकड्यासोबत.

मग आईची आठवण आली, ते संथ गाणं. मी सवयीने रकान्याकडे बघितलं. काल इथे शून्य होतं. आज आकडा चालू होता, आणि फटीतून मामा हसताना दिसत होता. मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी. लोक आधी गोंधळले, मग म्हणाले, "थिएनलायला आज वेड लागलंय!" आणि त्याच्यावर हसायला लागले. सिनेमाकडे आता कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.

हे मला तेव्हा मजेशीर वाटलं. खरंच वाटलं.

८

सिनेमा संपला. पट्टी सरकली. मी भिंत बंद केली. काळा पडदा. कार्डाच्या हाका थांबल्या, त्या थांबणारच होत्या.

मामाच्या नावासमोरचा आकडा थांबला नाही.

बाहेर मामा हसत होता. घर्र नाही, आता नुसता वरचा सूर, श्वास घ्यायला मधे जागा नसलेला. लोक अजून त्याच्यासोबत हसत होते, टाळ्या वाजवत होते. एक म्हातारी म्हणाली, "बास रे, माझं पोट!" तो थांबेना. आकडा वाढेल तसा त्याचा आवाज वाढत होता. आकडा जरा दम घेई, तेव्हा तो एक घोट हवा ओढून घेई. पुन्हा हाक, पुन्हा ओ.

मी माझा तुकडा उतरवायची आज्ञा दिली.

लिनक्सने नकार दिला. वापरात आहे, म्हणाला.

कुणी वापरत नव्हतं. मी लिहिलेला तुकडा, त्याला धरून ठेवणारं काहीच मी लिहिलं नव्हतं. पुन्हा आज्ञा दिली. वापरात आहे.

मी फटीला डोळा लावला. मामा खुर्चीच्या कडा धरून बसला होता, तोंड पूर्ण उघडं, गालांवर पाणी. पण डोळे हसत नव्हते. ते समोर, अगदी जवळ कशाकडे तरी लागले होते, आणि समुद्राची भरती अंगावर येताना लहानपणी मी पोरांच्या डोळ्यांत बघितलं होतं, तसं काहीतरी त्यात होतं. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी नजर खाली आणली, पहिल्या रांगेवर, आणि वाचायला लागले. त्साय घराण्याकडून. मासळी बाजार मंडळाकडून. श्रीमती यो यांच्या स्मरणार्थ. कडेच्या खुर्चीवरचा रंग उडाला होता, तरी अक्षर लागत होतं.

ती नावं पाठीवर असतात, बाहेरच्या बाजूने. पडद्यामागून ती कधीच दिसत नाहीत. इथून दिसते ती बसायची बाजू.

पाचही खुर्च्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या.

सिनेमा संपला होता ना. पण त्यांचं बघणं संपलं नव्हतं. आणि मधली खुर्ची इतरांच्या थोडी पुढे होती, मामाच्या गुडघ्यांना टेकेल इतकी. नीट दिसावं म्हणून माणूस पुढे सरकून बसतो, तशी.

मी संगणकाकडे वळलेच नाही. ट्रकखालून रांगत गेले आणि जनरेटरची वायर दोन्ही हातांनी उपटली.

हसणं मधेच तुटलं. कापल्यासारखं.

९

मग टाळ्या. इतक्या टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. मी धावत पुढे आले तेव्हा मामी मामाला पाणी पाजत होती आणि लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. समितीचा एक जण पहिली रांग आवरताना म्हणाला, "ह्या कुणी फिरवल्या रे?"

"वारा," दुसरा म्हणाला. आमच्याकडे सगळं वाराच करतो.

हुंग अध्यक्ष चंद्रकोरी घेऊन देवासमोर बसले. पुढच्या वर्षी थिएनलायच का, विचारलं. होकार. त्याच्या पुढच्या वर्षी? होकार. ते विचारत गेले आणि चंद्रकोरी एक उताणी, एक पालथी पडत गेल्या, शेवटी अध्यक्षच दमले आणि म्हणाले, "कायमचाच म्हणायचं का?" पुन्हा होकार. मैदान ओरडलं. मामाला खांद्यावर घेतलं. मामी रडत होती. मला वाटलं आनंदाने, आणि तसंच असेल. त्या रात्री घरी बावीस माणसं जेवली आणि समितीने मामाला भरजरी लाल कापड पांघरलं.

तो तुकडा मी काढून टाकला. या वेळी लिनक्सने हरकत घेतली नाही. त्यानंतर सोळावर बेवारशी हाक कधी आली नाही. संगणक तोच, कार्ड तेच. बदक दरवर्षी उडतं, गाव दरवर्षी हसतं. नाचणाऱ्या पोरींचा ट्रक बंदरावर गंजतोय.

डॉक्टरांनी मामाचा घसा बघितला, छाती बघितली, डोक्याचे फोटो काढले. काही दोष नाही म्हणाले. खातो, पितो, ट्रक चालवतो, अध्यक्षांना हो म्हणतो. देऊळ त्याचं कायमचं झालं.

त्या दुपारनंतर मामा एकदाही हसलेला नाही.